देवळाची वाटणी कोणी मागितली?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक वाद हल्ली पुन्हा पुन्हा कानावर येतो. चर्चमध्ये समई कशाला? येशूची आरती कशाला? मरियामातेला हार, उदबत्ती, नारळ कशासाठी? भोळ्या माणसाला ओढून घ्यायची ही युक्ती आहे. ज्याला ख्रिस्ती व्हायचे त्याने उघड व्हावे, आमच्या खुणा वापरू नयेत. हा एक पक्ष. दुसरीकडे गावोगाव प्रार्थनासभा घेणारे काही प्रचारक सांगतात की महाकालीच्या जत्रेला गेलास, गावदेवाचा प्रसाद तोंडात घातलास, की तू ख्रिस्ती राहिला नाहीस. या दोघांचे आपसात हाडवैर आहे, पण मागणी एकच आहे. जिथे दोन परंपरा एका उंबऱ्यावर आल्या आहेत तिथे रेघ ओढा, ज्याचे त्याला देऊन टाका आणि माणसांनाही कोणत्या बाजूला उभे राहायचे ते आजच्या आज ठरवायला सांगा.

मला दोघांचेही म्हणणे मान्य नाही. या मागणीने ना हिंदू धर्माचे रक्षण होते, ना ख्रिस्ती श्रद्धेचे. गाव मात्र मोडते. आणि गाव मोडल्यावर त्याचा दोष ज्याला गावाबाहेर काढले त्याच्याच माथी मारला जातो.

आधी समईचे घेऊ, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त बोलले जाते. या भागातले कॅथलिक काम मुख्यतः चांदा धर्मप्रांताचे आहे. १९६२ मध्ये रोमने हा प्रदेश केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. सिरो-मलबार म्हणजे स्वतःला संत थॉमसचे वारस मानणारे केरळचे जुने ख्रिस्ती. त्यांच्या घरात आणि देवळात पितळी दिवा पोर्तुगिजांनी भारताचा किनारा पाहण्याच्या आधीपासून जळतो आहे. लग्नात त्यांची नवरी ताली बांधून घेते, चर्चसमोर ध्वजस्तंभ असतो, सणाला छत्र्या निघतात. ही माणसे विदर्भात आली तेव्हा आपला दिवा घेऊन आली. चांद्याच्या आदिवासीला फसवायला तो कोणी कारखान्यातून घडवून आणला नाही. उलट हा दिवा विझवायचा प्रयत्न झाला तो चर्चकडूनच. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस केरळात गेले, उदयम्पेरूरला त्यांनी धर्मसभा भरवली आणि हिंदू शेजाऱ्यांबरोबरच्या कितीतरी चालीरीती पाखंड म्हणून बाद केल्या. त्याचा राग धुमसत राहिला आणि १६५३ मध्ये मट्टांचेरीला जमलेल्या ख्रिस्ती जमावाने शपथ घेऊन जेझुइटांची सत्ता झुगारून दिली. ज्या खुणांना आज ‘चर्चचा कावा’ म्हणतात त्या टिकवायला माणसांनी चर्चशीच वैर पत्करले होते.

आता प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करतो. सगळीच सरमिसळ अशी खालून उगवलेली नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर भारतातल्या बिशपांनी पूजाविधीत भारतीय रीती आणण्यासाठी बारा मुद्दे मांडले आणि एप्रिल १९६९ मध्ये रोमने त्यांना मान्यता दिली. मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार, आरती, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, अंगावर शाल. हे धोरण होते, विचारपूर्वक आणलेले होते आणि त्यावर प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये कॅथलिक आश्रमांवर आख्खे पुस्तक लिहून तो विचारला. पण त्याच धोरणावर सर्वांत बोचरी टीका दलित ख्रिस्ती विचारवंतांनी केली, हे सांगायला आक्षेप घेणारे विसरतात. त्यांचे म्हणणे साधे होते. महाराष्ट्रातले बहुसंख्य मराठी ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांतून आलेले. ज्या संस्कृत मंत्रांनी आमच्या आजोबांना देवळाबाहेर उभे केले, ते तुम्ही ‘भारतीय संस्कृती’ म्हणून आमच्या वेदीवर कशाला आणता? हा सवाल मला रास्त वाटतो. म्हणूनच वरून लादलेले रूप आणि गावाने आपल्या हाताने घडवलेले रूप यांत फरक करायला हवा. सगळ्याला एकाच काठीने झोडपणे हा अभ्यास नव्हे.

भजनाचेही तसेच आहे. चर्चमध्ये अभंग म्हणतात म्हणून संताप करणाऱ्यांनी नारायण वामन टिळकांना आठवावे. चित्पावन ब्राह्मण घरातला हा कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत राहिला. त्याने ‘ख्रिस्तायन’ ओवीत लिहायला घेतले, कारण ओवी हीच त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेली वाणी होती. टिळकांच्याही पावणेतीनशे वर्षे आधी इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले. ते १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापले गेले. धर्म बदलला तर भाषाही टाकून द्यावी, ही अट कोणी कधी आणि कोणाला विचारून घातली?

खालून उगवलेले रूप म्हणजे काय, ते पाहायचे तर गोव्यात म्हापशाला जावे. तिथले संत जेरोमचे चर्च फ्रान्सिस्कनांनी १५९४ मध्ये उभारले. लोक त्याला मिलाग्रीस सायबिणीचे म्हणून ओळखतात. ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी तिचे फेस्त असते. त्या दिवशी रांगेत कपाळाला कुंकू लावलेल्या बायका असतात, गळ्यात क्रूस घातलेल्याही असतात. हातात मेणबत्ती असते आणि तेलाची बाटली असते. तेल मूर्तीपुढे वाहायचे, थोडे डोक्याला लावायचे, उरलेले घरी न्यायचे. लोकांच्या लेखी ही मिलाग्रीस सात बहिणींपैकी एक आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराईचे धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालतात, त्याच्या आगेमागेच हे फेस्त येते. लईराईकडून मोगऱ्याची फुले यायची आणि मिलाग्रीसकडून तेल जायचे, अशी बहिणींमधल्या देवघेवीची रीत सांगतात.

ही कथा चर्चने रचली असे ज्यांना वाटते त्यांनी नकाशा पाहावा. बार्देश, म्हणजे म्हापसा, पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादीतला. शिरगाव, मुळगाव, मये डिचोलीत आणि मोरजी पेडण्यात. हे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर मधे राज्याची सीमा होती. अलीकडे बाप्तिस्मा झालेली गावे, पलीकडे न झालेली. बाप्तिस्मा झालेल्या गावातल्या देवीलाही लोकांनी बहीणच मानले आणि सीमेपलीकडच्या घराशी नाते तोडले नाही. यात पाद्र्याचा फायदा काय होता? त्याची अडचणच होती. अडचण किती होती ते इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाच्या, १७३६ च्या फर्मानात दिसते. गोव्याच्या ख्रिस्त्यांनी अंगणात तुळस लावू नये, लग्नात हळद लावू नये, लग्नाची देशी गाणी गाऊ नयेत, पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, इतकेच काय, मीठ न घालता भात शिजवू नये. बाप्तिस्म्याला पिढ्या लोटल्यावरही धर्मसत्तेला भाताच्या हंडीपर्यंत हात घालावा लागला. सरमिसळ ही चर्चची चाल असती, तर चर्चने ती मोडायला न्यायासन, तुरुंग आणि फर्माने कशाला वापरली असती? या प्रश्नाला ‘युक्ती’वाल्यांकडे उत्तर नाही.

मग दुसरा मुद्दा पुढे येतो आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. गोव्यात देवळे पाडून चर्च बांधली. जिथे देवी हिसकावून घेतली, तिथे एकत्र तेल वाहण्याचे कौतुक कसले? ती परत द्या. या मुद्द्याला हलक्यात घेणारे आणि ‘बघा, आपला देश किती सलोख्याचा’ म्हणून फोटो काढून मोकळे होणारे लोकही मला तितकेच खटकतात. साष्टीत आणि बार्देशात देवळे पाडली गेली, हे इतिहासात स्पष्ट लिहिलेले आहे. १५६० ते १८१२, मधली चार वर्षे सोडून, इन्क्विझिशन चालले. हे झाकून ठेवून सलोख्याची गोष्ट सांगणे म्हणजे ज्यांनी सोसले त्यांचा अपमान आहे.

पण त्या सोसण्याचे गावाने काय केले, हे कुंकळ्ळीत पाहायला मिळते. जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट क्रूस उभारायला आणि चर्चसाठी जागा बघायला साष्टीतल्या या गावी आले. देवळे आधीच उद्ध्वस्त झालेली होती, कर थकलेले होते, गाव पेटलेले होते. गावकऱ्यांनी त्या पाचांना आणि त्यांच्याबरोबरच्या आणखी काहींना ठार मारले. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दगा करून मारले. गाव बाटवले गेले. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली, कारण ते पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होते. इथवरची गोष्ट सूडाची आहे आणि ती इथेच थांबली असती तर आजची कोणतीही परतफेडीची मागणी तिच्यावर उभी करता आली असती.

ती थांबली नाही. आजही शिमग्यात फाल्गुन वद्य पंचमीला, सोंत्रियोच्या जत्रेत, देवी फातर्प्याहून आपल्या मूळ गावी येते. तिच्याबरोबर बारा छत्र्या नाचतात, कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या. गुलालाने रस्ता लाल होतो. हे वांगड चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले; आजचे त्यांचे वंशज रविवारी चर्चमध्ये जातात. पण छत्रीचा मान त्यांचाच आहे. देवीने तो काढून घेतला नाही, पुजाऱ्यांनी काढून घेतला नाही आणि त्यांनीही तो टाकला नाही. मला या सोंत्रियोत सलोख्याचा गोडवा दिसत नाही. देवी वर्षातून एकदाच आपल्या गावात येते आणि परत जाते. हद्दपारी काय असते, ते गाव दरवर्षी पायी चालून आठवते. अन्यायाचा विसर पडू न देता अन्यायाने दोन बाजूंना फेकलेली माणसे एका छत्रीखाली आणायचे काम या जत्रेने केले. ज्यांना परतफेड हवी आहे त्यांनी सांगावे: ख्रिस्ती गावकऱ्याच्या हातून ती छत्री काढून घेतली तर १५८३ चा न्याय होईल, की पोर्तुगिजांचे अर्धवट राहिलेले काम पुरे होईल?

अंधश्रद्धेचा आक्षेप थोडक्यात आटोपतो. सुधारक ख्रिस्ती आणि बुद्धिवादी दोघेही म्हणतात, ही भक्ती नव्हे, नवसाची देवघेव आहे. असेल. वांद्र्याच्या मोतमाउलीसमोर मेणाचे हात-पाय, मेणाची घरे ठेवणारे लोक देवघेवच करतात. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला सर्व धर्मांची माणसे जातात तीही काही मागायला जातात. फसवणूक झाली, उपचार टाळला गेला, तर कायदा आहे आणि तो चालवावा. पण नवस करणाऱ्या बाईला तिचा धर्म तपासून रांगेत घ्यायचे, ही त्यावरची सुधारणा होऊ शकत नाही.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येतो. वाद गोव्याचा असता तर मी एवढे लिहिले नसते.

चंद्रपूरची महाकाली घ्या. देऊळ गोंड राजघराण्याचे, राणी हिराईच्या नावाशी जोडलेले. चैत्रात नांदेड-परभणीकडून भाविक येतात, झरपट नदीत आंघोळ करून दर्शनाला जातात. या देवीत गोंडांचे किती आणि मराठवाड्यातून येणाऱ्या भाविकांचे किती, याचा हिशेब मागायची बुद्धी आजवर कोणाला झाली नाही. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. तिला येणाऱ्या माडिया-गोंडांपैकी काही स्वतःला हिंदू म्हणवतात, काही म्हणतात की आमचा धर्म वेगळा आहे आणि जनगणनेत त्याला वेगळा रकाना हवा. ‘मूळ धर्म’ ही ज्यांची लाठी आहे त्यांनी आधी या दोघांत निवाडा करून दाखवावा. आणि ज्यांना देवाच्या जागेची इतकी काळजी आहे, त्यांचा आवाज त्या डोंगरातून लोहखनिज काढले जाते तेव्हाही तितकाच चढा लागायला हवा.

गावात ख्रिस्ती झालेल्यांविषयी एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. माडिया-गोंडांचा देव एकट्याचा नसतो. पंडुम हा गावाचा सामूहिक सण झाल्याशिवाय नवे फळ, नवे धान्य कोणी तोंडाला लावत नाही. वर्गणी घरटी असते, पूजा सगळ्यांची असते. एखादे घर उठून म्हणाले की आम्ही वर्गणी देणार नाही, पंडुम पाळणार नाही, तर तो गावाच्या वर्मावर घाव असतो. ज्या प्रचारकाने त्या घराला हे शिकवले त्याने त्या घराचे नुकसान केले, असे मी स्पष्ट म्हणतो. कुंकळ्ळीच्या बारा वांगडांना असा उपदेशक कोणी मानला असता तर आज छत्र्या नसत्या. पण यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर काय? डीलिस्टिंग. अनुसूचित जातींसाठी १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. ती १९५६ मध्ये शिखांपुरती आणि १९९० मध्ये बौद्धांपुरती सैल झाली. अनुसूचित जमातींना अशी अट नाही, कारण जमात ही जमातच असते, तिचा देव कोणताही असो. आता ती अट आणा, ख्रिस्ती झालेल्याचे नाव यादीतून काढा, अशी मागणी आहे. म्हणजे प्रचारकाने ज्याला गावापासून अर्धे तोडले त्याला सरकारने पुरते तोडावे.

तोडण्याचा शेवट कुठे होतो हे पाहायला लांब जायला नको. गडचिरोलीला लागून बस्तर आहे. तिथल्या छिंदवाडा गावात जानेवारी २०२५ मध्ये एक ख्रिस्ती पाद्री वारला. त्याच्या मुलाने न्यायालयात सांगितले की माझे आजोबा याच गावात पुरले आहेत. तरीही गावाने दफनाला विरोध केला. प्रेत शवागारात पडून राहिले. मुलगा उच्च न्यायालयात हरला, सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली, एका न्यायमूर्तींनी कुटुंबाच्या शेतात पुरायची मुभा दिली, दुसऱ्यांनी नाकारली. शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या दफनभूमीत पुरायचा आदेश झाला. आजोबाला गावाने जागा दिली होती, बापाला दिली नाही. मधल्या काळात देव बदलला नव्हता, हे कुटुंब तेव्हाही ख्रिस्तीच होते. बदलली ती गावाची वृत्ती, आणि ती कोणी बदलवली याचे उत्तर रेघ ओढायला निघालेल्या दोन्ही पक्षांनी द्यायचे आहे.

कोणी म्हणेल, गावालाच हे नको असेल तर? गावाचा शब्द मीही मानतो. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार दिला आहे आणि मेंढा-लेखासारख्या गावांनी गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभा काय करू शकते ते दाखवून दिले आहे. पण ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसे, ख्रिस्ती घरातलीही. बाहेरून छापून आलेला मजकूर फलकावर लावून सही घेणे ही ग्रामसभा नव्हे. मेंढ्याने निर्णयाआधी अभ्यासगटांत वर्षानुवर्षे चर्चा केली आणि सगळ्यांचे एकमत होईपर्यंत थांबायची रीत पाडली. तीच रीत इथे लावा. पंडुमची वर्गणी ख्रिस्ती घर कोणत्या रूपात देईल, पूजेत त्याने कुठे उभे राहायचे, नवे धान्य त्याच्या घरी कधी शिजायचे, ख्रिसमसला गावाने त्याच्याकडे जायचे की नाही, हे त्या घराला समोर बसवून ठरवा. आणि मसणवटीत त्याची जागा कोणती, हे कोणी मरायच्या आधी ठरवून ठरावाच्या वहीत लिहून ठेवा.